खोडाळ्याची फौस्टिना

१

डबी जागेवर होती. तिच्यावरची काच जागेवर होती, आत अंथरलेली निळी मखमलही होती. मखमलीवर नाण्याचा गोल दाब तेवढा उमटून राहिला होता. नाणं नव्हतं.

डॉक्टर त्र्यंबक गुप्ते ती डबी हातात घेऊन नुसते उभे राहिले. जव्हार संस्थानच्या दवाखान्यात त्यांनी साप चावलेली, वाघानं ओरबाडलेली माणसं हाताळली होती, पण असे हतबल ते कधी झाले नव्हते. त्यांनी डबी उजेडात धरून पुन्हा एकदा पाहिली.

"भांगरे," ते म्हणाले, "फौस्टिना गेली."

फौजदार धर्माजी भांगरे दाराशीच होते. सकाळपासून ते दाराशीच होते, आणि त्यांना लागलं ते हेच. चोरी त्यांच्या नाकासमोर झाली होती. त्यांनी मागे हात नेऊन दार लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकली.

साल एकोणीसशे एकवीस. दसऱ्याच्या दरबारानिमित्त शाळेच्या मोठ्या दालनात प्रदर्शन भरलं होतं. भाताच्या लोंब्या होत्या, बांबूच्या टोपल्या होत्या, वाघाची कातडी होती. पण लोक येत होते ते मधल्या लांबरुंद टेबलापाशी. तिथं डॉक्टरांनी लाकूड, चुना आणि माती यांचं अख्खं रोम उभं केलं होतं. म्हणजे रोम शहराचा मधला चौक. फोरम म्हणतात त्याला. महायुद्धावरून परतताना त्यांची तुकडी इटलीत अडकून पडली तेव्हा डॉक्टर रोज त्या चौकात जाऊन बसत. टेबलावर एका देवळासमोर ही डबी ठेवली होती, आणि डबीत खोडाळ्याच्या एका शेतात सापडलेलं, फौस्टिना राणीचा चेहरा असलेलं रोमी सोन्याचं नाणं.

दुपारी दसऱ्याची मिरवणूक शाळेवरून गेली. ढोल वाजले तशी सारी माणसं दालनातून धावत ओसरीवर गेली. दाराशी उभ्या भांगऱ्यांचंही तोंड बाहेर, मिरवणुकीकडं होतं. आत तिघंच राहिले. ज्या चैतीला ते नाणं सापडलं होतं, ती गर्दीत नवरा दिसतो का बघायला खिडकीशी गेली. ड्रॉइंगमास्तर पाटणकर शिडीवर चढून सुटलेली पताका बांधत होते. आणि नाशिकचे वकील नानासाहेब गद्रे, घोडागाडीच्या प्रवासानं आंबलेलं अंग घेऊन खुर्चीवर बसले होते. ते नुकतेच, भर दुपारी, येऊन पोचले होते.

मिरवणूक गेली, माणसं परतली, आणि डबी रिकामी!

तिघांची झडती झाली. चैतीची झडती दवाखान्यातल्या कोंडी दाईनं घेतली. काही सापडलं नाही. हवालदारानं खुर्च्या उलथ्या केल्या, पडदे झटकले, टेबलाखाली रांगून पाहिलं. टेबलावरच्या प्रतिकृतीला मात्र डॉक्टरांनी हात लावू दिला नाही. तिच्यात लपवायला जागाही दिसत नव्हती.

राहिली खिडकी. खिडकीला गज होते, पण गजांतून नाणं सहज बाहेर जाईल. भांगरे बाहेर आले तेव्हा लोकांनी निकाल देऊनही टाकला होता. खिडकीत चैती होती, आणि खिडकीखाली गर्दीत तिचा नवरा जैतू उभा होता. हवालदारानं त्याचं मनगट धरून ठेवलं होतं.

उद्या दुपारी दरबारापुढं नाणं तरी ठेवायला हवं होतं, नाहीतर चोर तरी.

२

भांगऱ्यांनी चैतीला शाळेच्या मागच्या पडवीत बसवलं. पाणी दिलं. ती प्यायली नाही.

"चैते, खरं सांग."

"काय सांगू सायेब? नागलीची लावणी करताना गावली ती मला. एकटीच होते. ठेवली असती कणगीत, कुणाला ठाव होतं? मीच नेली ना डॉक्टरदादाकडं?"

"लोक म्हणतात, तेव्हा तुला ते सोनं कळलं नव्हतं. आता कळलं."

"सोनं मला तवाच कळलं," चैती म्हणाली. "माझे डोळे काय फुटलेत? पण तिचं तोंड बघितलं ना मी. केस कसे वर बांधलेत, डोक्यावरून पदर. कुणाची तरी बाई होती ती. म्हटलं, दादाला ठाव असंल कुणाची."

आणि दादाला ठाऊक होतं. सकाळचं ते व्याख्यान भांगऱ्यांनी दाराशी उभ्यानं ऐकलं होतं. आधी पहारा म्हणून. मग पहाऱ्याचं भान सुटलं. डॉक्टरांनी सांगितलं, की रोम म्हणजे आधी सात टेकड्या आणि मधे दलदल. टेकड्यांवरची माणसं एकमेकांशी भांडत. मग त्यांनी मोठा नाला खणून दलदलीचं पाणी नदीला सोडलं, आणि त्या कोरड्या केलेल्या जागेत सगळ्यांनी मिळून बाजार मांडला. बाजाराशेजारी न्याय बसला, न्यायाशेजारी देव बसले. दगडी चौथऱ्यावरून कुणीही उठून बोलावं आणि राज्य हलावं, असा तो चौक. अर्ध्या जगाचे रस्ते तिथून मोजले जात. भांगऱ्यांनी जन्मात नाशिक आणि ठाणं सोडून काही पाहिलं नव्हतं. पण भांडखोर माणसं एका चौकात आणून बसवायची म्हणजे काय, हे फौजदाराला कुणी सांगायला नको. त्यांच्या अंगावर काटा आला होता.

मग डॉक्टरांनी खरी गंमत केली. त्यांनी तो सगळा चौक चाळलेल्या लाल मातीखाली आधीच पुरून ठेवला होता. खांबांची टोकं तेवढी वर दिसत होती. "राज्य बुडालं," ते म्हणाले, "आणि शतकांमागून शतकं माती चढत गेली." मग त्यांनी कुंचल्यानं माती बाजूला सारायला सुरुवात केली. खाली फरसबंदी निघाली, पायऱ्या निघाल्या, कमानी निघाल्या. बायकांनी तोंडावर हात धरले.

"आणि ही चैतीची राणी, फौस्टिना," डॉक्टर म्हणाले. "ती वारली तेव्हा बादशहानं तिच्या नावानं हे देऊळ बांधलं. खांब अजून उभे आहेत. मी त्यांना हात लावलाय."

"तवा मी हसले," चैती आता म्हणाली. तेवढ्यातही तिच्या ओठांवर हसू येऊन गेलं. "माती काढली आन् देवळाचं दार राहिलं वर लटकत. पायऱ्या हितं, दार तितं. म्हटलं, दादा, या घरची सून घागर घेऊन चढते कशी? सगळी हसली."

भांगऱ्यांनाही ते आठवलं.

"दुपारी आत कोण काय करत होतं, पाहिलंस?"

"मी जैतूला शोधत होते. पाठ होती माझी." ती थांबली. "पागोटंवाल्या वकीलसायबानं मिरवणुकीआधी मला विचारलं होतं, ही विकतेस का म्हणून. मी म्हटलं, दरबारात दिली, आता मुंबईच्या मोठ्या संग्रहात जायची. आन् नसती दिली तरी राणी कोण विकतं?" तिनं पदरानं डोळे पुसले. "सायेब, नागली उभी हाय शेतात. आम्हा दोघांना कोंडलंत तर पाखरंच खातील."

भांगरे उठले. बाई खरं बोलतेय, असं त्यांचं मन सांगत होतं. पण फौजदाराचं मन दरबारापुढं पुरावा म्हणून ठेवता येत नाही.

३

पाटणकर मास्तर वर्गातल्या फळ्यासमोर येरझाऱ्या घालत होते.

"माझ्यावर संशय? घ्या! सगळ्या गावाला माहीत आहे मी डॉक्टरांशी भांडलो ते."

"कशावरून भांडलात?"

"त्या दारावरून! अहो, मी चित्रकार आहे. देवळाला दार करायचं म्हणजे पायरीला टेकवून करणार ना? मी केलं तसं. हिरवा रंग दिला, सुंदर दिसत होतं. या गृहस्थांनी ते उचकटून वर, हवेत, ठोकलं! म्हणे तिथं तसंच आहे. रागाच्या भरात म्हणालो मी, की मोडून टाकीन तुमचं रोम."

"मग?"

मास्तरांचा आवाज खाली आला. "मग त्यांनी फोटो दाखवला. खरंच तसंच आहे हो. माती चढून चढून जमीन खांबांच्या निम्म्यावर आली, तेव्हा मागच्या लोकांनी त्या देवळात आपलं प्रार्थनास्थळ बांधलं आणि त्या वेळच्या जमिनीला दार ठेवलं. पुढं खणणाऱ्यांनी माती काढली. जमीन गेली खाली, दार राहिलं वर. भांगरे, रात्रंदिवस मी तेच चित्र डोळ्यांपुढं धरून बसलोय. एका दाराकडं बघावं आणि किती वर्षं पायाखालून गेली ते समजावं! मी चोर असेन तर असो. पण त्या टेबलावरचा खडासुद्धा मी हलवणार नाही."

नानासाहेब गद्रे पाहुण्यांच्या बंगलीत लोडाला टेकून बसले होते. तलम पागोटं, मऊ आवाज. जुन्या नाण्यांचा त्यांचा संग्रह सगळ्या नाशकात नावाजलेला होता.

"या, फौजदार. फार वाईट झालं. काय नाणं होतं! मी तीस वर्षं या नादात आहे, पण असा ताजा चेहरा पाहिला नाही. काल पाडून आणल्यासारखा." त्यांनी उसासा सोडला. "सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला कुणी व्यापारी या घाटानं नाशकाकडं जात असेल. त्याच्या कमरेचं पडलं असेल. त्या बिचाऱ्या बाईला काय कळणार त्याचं मोल! तिला फार छळू नका."

"आपण काही पाहिलंत?"

"डोळा लागला होता हो माझा. सकाळचं व्याख्यान हुकलं त्याचीच हळहळ करत होतो." ते पुढं झुकले. "एक मात्र मी ठरवलंय. डॉक्टर खचून गेलेत. त्यांची ती प्रतिकृती मी नाशिकला नेतो. आमच्या शाळेत मांडू. म्हणजे इतका खटाटोप वाया नको जायला. मघाशीच बैलगाडी सांगून ठेवली आहे, पेंढा घालून. उद्या सकाळी आहे तशी उचलायची."

भांगऱ्यांना ते बोलणं थोरपणाचं वाटलं. पाया पडून ते बाहेर आले, आणि रस्त्यावर आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्या हातात तिन्हीकडून काहीच आलेलं नाही.

४

सकाळी उठून ते दालन उघडून आत गेले. बाहेर पेंढ्याची गाडी येऊन उभी होती. बैल रवंथ करत होते. कोठडीत जैतू भिंतीकडं तोंड करून बसला होता, ते दृश्य भांगऱ्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

ते टेबलापाशी उभे राहिले. हे सगळं आता नाशिकला जाणार. जाण्याआधी एकदा डोळे भरून पाहावं, म्हणून त्यांनी डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी मनानं वाट धरली. इथून शिरायचं. हे शनीच्या देवळाचे आठ खांब. ही विजयाची कमान. हा बोलायचा चौथरा. इथं त्या कुमारिका अग्नी विझू देत नसत. इथं तीन खांब एकमेकांना धरून उभे आहेत, बाकी सगळं देऊळ गेलं. केवढं गेलं, आणि उरलं तेही केवढं! मग उजवीकडं वळायचं की चैतीच्या राणीचं देऊळ. सहा खांब, त्यांच्यामागं हिरवं दार, दारापर्यंत चढत गेलेली लाल माती...

भांगरे थांबले.

त्यांनी डोळे मिटले, चैतीचं हसू आठवलं, आणि पुन्हा उघडले. दार जमिनीला टेकलं होतं. सून घागर घेऊन खुशाल चढली असती. काल चोरीनंतर सगळ्यांचे डोळे रिकाम्या डबीवरच होते; देवळाकडं कुणी नीट पाहिलंच नव्हतं.

त्यांचा हात आपोआप पुढं गेला. बोटं मातीला लागणार, इतक्यात त्यांनी तो मागं घेतला. माती उकरली तर नाणं कुठं आहे ते समजेल. पण ते कुणी पुरलं, हे कसं समजणार? लोक म्हणतील, चैतीनंच पुरलं. आणि ती मोकळी होण्याऐवजी कायमची अडकेल.

ते मागं फिरले आणि डॉक्टरांच्या घराकडं जवळजवळ पळतच निघाले.

५

"काहीही दिसलं तरी बोलायचं नाही," भांगऱ्यांनी डॉक्टरांना बजावलं होतं. तरी टेबलाशी येताच डॉक्टरांनी श्वास रोखला. भांगऱ्यांनी त्यांचं मनगट दाबलं.

तिघांना बाहेर बसवून एकेकाला आत बोलवायचं, असं ठरलं होतं. प्रश्न एकच.

पहिले मास्तर आले. "मास्तर, ही प्रतिकृती आता परगावी जायची. तिच्यात कुठं काही चुकलंय का? नीट बघा."

मास्तरांनी एक नजर टाकली आणि ते कडाडले. "कुणी केलं हे? दार टेकवलं कुणी? डॉक्टर, मला शिव्या घातल्यात आणि आता स्वतःच..."

"बसा त्या कोपऱ्यात," भांगरे म्हणाले. "गप्प बसा."

चैती आली. रडून तिचे डोळे सुजले होते. टेबलाकडं बघण्याची तिला इच्छाच नव्हती. पण बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "दादा, काल तर दार लटकत होतं. आज माती कशी आली तितं?"

तिलाही त्यांनी मास्तरांशेजारी बसवलं. मग नानासाहेब आले. भांगऱ्यांनी तेच विचारलं, तितक्याच सुरात.

नानासाहेबांनी टेबलाभोवती एक फेरी मारली. फौस्टिनाच्या देवळापाशी त्यांची पावलं मंदावली नाहीत की जलद झाली नाहीत. "चूक? छे! अप्रतिम आहे. काही हात लावू नका डॉक्टर, आहे तशी द्या."

"मग या देवळापुढची माती?" भांगरे म्हणाले. "जरा जास्त वाटते. तेवढी खरवडून टाकू आणि मग न्या." त्यांनी गवंड्याची लोखंडी थापी उचलली आणि तिचं टोक त्या उतारावर जोरानं टेकवलं.

"लोखंड नको!" नानासाहेब किंचाळले. "घासेल ती!"

भांगऱ्यांनी थापी बाजूला ठेवली. बाहेर बैलांच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली.

"कोण घासेल, नानासाहेब?" भांगऱ्यांनी हळूच विचारलं.

डॉक्टरांनी पुढं होऊन बोटांनी, जखमेवरची पट्टी काढावी तितक्या अलगद, ती माती बाजूला केली. पायऱ्या उघड्या पडल्या. मधल्या पायरीवर फौस्टिना होती. तिच्या गालावर एक ओरखडाही नव्हता.

"मी ओरडलो नसतो आणि म्हणालो असतो, मला नाही ठाऊक, तर?" नानासाहेब अखेर पुटपुटले. "तुमच्याजवळ काय होतं माझ्याविरुद्ध?"

"हे दार होतं," भांगरे म्हणाले. "काल आत तिघंच होते. पुरणाऱ्यानं माती नेमकी दाराला टेकवली. का? तर त्याला वाटलं, दार हवेत लटकतंय ही करणाऱ्याची चूक आहे. तिथं उतार केला तर उलट बरं दिसेल, कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. मास्तर तसं करणार नाहीत. त्या दारावरून ते डॉक्टरांशी भांडले होते, आणि ते लटकतंच हवं हे फोटो पाहून त्यांना पटलं होतं. चैती करणार नाही. तिनंच त्या दारावरून सगळ्यांना हसवलं. माती टाकली तर सकाळी आलेला प्रत्येक माणूस बोट दाखवील, हे त्या दोघांनाही ठाऊक. ज्याला ठाऊक नाही असा एकच. सकाळचं व्याख्यान ज्याचं हुकलं तो. आणि डॉक्टरांनी हो म्हणायच्या आधीच त्यानं गाडी सांगितली होती, पेंढा घालून."

नानासाहेब खुर्चीत बसले. पागोटं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं. त्याखालचं त्यांचं डोकं अगदी लहान दिसत होतं.

"मुंबईत कपाटात पडली असती ती," ते म्हणाले. "माझ्याइतकं तिच्याकडं कुणी पाहिलं नसतं. डॉक्टर, तुम्हाला तरी समजेल. मला ती आवडली हो."

"समजतं ना," डॉक्टर म्हणाले. "रोमचं असंच झालं, नानासाहेब. वैऱ्यांनी मोडलं त्याहून जास्त ते आवडणाऱ्यांनी नेलं. कुणाला एक खांब आवडला, कुणाला एक मस्तक. प्रत्येकानं एकच वस्तू नेली." त्यांनी नाणं चैतीच्या तळहातावर ठेवलं. "पण तुम्हाला ती इतकी आवडली, आणि तिच्यापायी ही बाई कोठडीत गेली असती तरी चाललं असतं?"

नानासाहेबांनी मांडीवरचं पागोटं उचलून पुन्हा डोक्यावर ठेवलं. चैतीनं मात्र त्यांच्याकडं पाहिलंच नाही. ती नाणं पुन्हा पुन्हा पदरानं पुसत होती आणि दाराकडं बघत होती, कारण ओसरीवरून जैतूला आणत असल्याचा आवाज येत होता.

६

नानासाहेबांवर खटला चालला आणि त्यांना शिक्षा झाली. त्याबद्दल भांगरे पुढं कुणाशी फारसं बोलले नाहीत. दरबारानं चैतीला विचारलं, तुला काय हवं? सगळ्यांना वाटलं, बाई बैलजोडी मागेल. ती म्हणाली, "नाणं मुंबईला जायच्या आधी आमच्या बाजाराला आणा. आन् डॉक्टरदादाचा तो चौकबी आणा. आमच्या लोकांनी कुठं बघायचं?"

म्हणून पेंढ्याची तीच गाडी नाशिकऐवजी मोखाड्याच्या वाटेनं खोडाळ्याला गेली. नागलीची कापणी उरकत आली होती. भर बाजारात, मिठाची पोती आणि मडक्यांच्या राशी यांच्यामधे टेबल मांडलं. डॉक्टर बोलायला उभे राहिले, पण दोन वाक्यांनंतर चैती म्हणाली, "थांब दादा, असं नाय कळायचं," आणि तिनं कुंचला हातात घेतला.

ती आपल्या बोलीत सांगू लागली. दलदल कशी होती, टेकड्यांवरचे लोक कसे भांडायचे, पाणी कसं काढून दिलं, बाजार कसा भरला. बोहारणी थांबल्या, वांगणी गावाकडून मध घेऊन आलेले बाप्ये थांबले. लटकत्या दाराशी सारा बाजार हसला. भांगरे पगडी काढून मातीत मांडी घालून बसले होते. तो सगळा चौक त्यांना पाठ झाला होता, तरी ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते.

पुढं बसलेल्या ढवळू नावाच्या म्हाताऱ्यानं हात वर केला.

"पोरी, ते राज्य बुडालं, माती चढली, समदं खरं. मग त्या मातीवर काय होतं? मोकळी पडली एवढी जागा?"

चैतीला ते ठाऊक नव्हतं. तिनं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर जरा संकोचले. एवढ्या वैभवाच्या गोष्टीत हे सांगावं की नाही, म्हणून त्यांनी तो भाग आजवर गाळला होता.

"मातीवर गवत आलं, बाबा," ते म्हणाले. "आणि लोक तिथं गुरं चारायला लागले. गुरांचा बाजार भरायचा तिथं. कितीएक शतकं. गाईंचं रान असंच नाव पडलं होतं त्या जागेला."

ढवळू म्हाताऱ्यानं टेबलाकडं, त्या खांबांकडं आणि कमानींकडं पुन्हा एकदा निरखून पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे पडीक नाय ठेवली," तो आजूबाजूच्यांना म्हणाला. "भली माणसं होती."